वाट्याचा कोळस

घोड नदीतल्या कोळस माशाविषयी मी तरुणपणी एक लेख लिहिला होता. तो फार कुणी वाचला नाही, पण ज्यांनी वाचला त्यांनी वापरला. त्यात एक वाक्य होतं: 'इथला कोळस म्हातारा होईपर्यंत जगतच नाही, वरच्या अंगाचे लोक त्याला कोवळ्या वयातच संपवतात.' पुढे नदीच्या वरच्या भागातला एक डोह मासेमारीच्या ठेक्यावर बाहेरच्या माणसाला गेला, तेव्हा कागदपत्रांत हे वाक्य आधाराला होतं. वाक्य चुकीचं असावं हे मला त्याआधीच कळलं होतं. डोहाकाठच्या वाडीतला दशरथ नावाचा एक मुलगा माझ्या वर्गात होता. तो उभा राहून म्हणाला, "सर, मोठं मासं बाजारात येतच न्हाईत." मी त्याला खाली बसवलं. लेख छापून आला होता आणि मला बढती हवी होती.

आता मी पंचाहत्तरी ओलांडली आहे. गेल्या हिवाळ्यात मृणालचा फोन आला. ती नदीतल्या माशांचा अभ्यास करते, वयाने माझ्या नातीएवढी आहे. त्या डोहाचा ठेका पुन्हा निघणार होता. या वेळी वाडीच्या लोकांनी तो स्वतःसाठी मागितला होता आणि डोहाची पाहणी मृणालकडे आली होती.

"सर, या माशावर जुनं काम तुमचंच आहे. ते पाया म्हणून धरू ना?"

"धरू नकोस," मी म्हणालो. "मी येतो."

जुन्नर

एसटीने नारायणगाव मागे टाकलं आणि शिवनेरी दिसायला लागला, तेव्हा शेजारच्या सीटवरच्या बाईंनी बसल्या बसल्या हात जोडले. मीही जोडले. थंडीत तो कातळ सकाळच्या उन्हात जवळ आल्यासारखा वाटतो.

उतरलो कांतीशेठकडे. यांचे पणजोबा राजस्थानातून आले, किराणा मालाचं दुकान टाकलं, आणि आता घरातली सगळी माणसं माझ्यापेक्षा अस्सल मराठी बोलतात. माझ्या संशोधनाच्या काळात यांच्या वडिलांनी मला माडीवरची खोली दिली होती. कांतीशेठ तेव्हा लहान होते, पण आठवण पक्की.

"या, या सर! पलंगाखाली ठेवायला काही आणलं नाही ना?"

"आता नाही आणत."

"आई शेवटपर्यंत सांगायची हो. मास्तर म्हणून खोली दिली, अन् मास्तर पलंगाखाली मासे ठेवतोय बरणीत! बापूंनी माडी तीन वेळा धुवून घेतली. पण तुम्हाला जा म्हणाले नाहीत."

खरंच म्हणाले नव्हते. बरण्या परसातल्या खोपटात हलवायला लावल्या आणि संध्याकाळच्या जेवणाला बोलावलं. त्याच घरात गट्ट्यांची भाजी आणि बाजरीची भाकरी खाताना मला त्या माणसाच्या मोठेपणाचं पुन्हा नवल वाटलं. ज्या गोष्टीचा त्यांना विटाळ वाटत होता तिचा अभ्यास करणाऱ्याला त्यांनी दोन वर्षं पोसलं.

दुपारी मृणाल जीप घेऊन आली आणि आम्ही मासळीबाजारात गेलो. माझा सगळा जुना अभ्यास याच बाजारात आणि मंचरच्या बाजारात झाला. माशाचं वय त्याच्या खवल्यावरून काढतात. पावसाळ्यात नदीत खाणं मुबलक असतं, तेव्हा खवला भरभर वाढतो आणि त्यावरच्या रेघा विरळ पडतात. उन्हाळ्यात पाणी आटलं की वाढ थांबते, रेघा दाटतात. त्या दाट रेघांचं एक कडं म्हणजे एक वर्ष. मी शेकडो खवले पाहिले. दोन कडी, तीन कडी, क्वचित चार. मासे सगळे वीतभर. नदीत पोरंच आहेत, म्हातारं कुणी नाही, असा मी निष्कर्ष काढला. शाळेत जाऊन पोरं मोजायची आणि गावात म्हातारी माणसं नाहीत असं जाहीर करायचं, त्यातलाच प्रकार.

आता टोपल्यांत सगळा तळ्यातला माल होता, रोहू, कटला आणि चिलापी. एका बाईच्या घमेल्यात मात्र चार-पाच कोळस होते, चांदीच्या अंगाचे, हिरवट पाठीचे. मृणालने मोजपट्टी काढली.

"घ्यायचं का नुसतं मोजायचं?" बाई म्हणाली.

"घेणार, मावशी. पण याहून मोठा कोळस नाही का येत? हातभर?"

"मोठा वरची मानसं देत न्हाईत."

"का?"

"त्यास्नी इचारा की."

बाजारात दोन वर्षं उभा राहूनही हा प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता. उत्तर इतकं जवळ होतं.

निरगुडसर

मृणालची पाहणी खालून वर जाणारी होती, म्हणून आधी निरगुडसरला गेलो. इथे घोड नदी सपाटीला आलेली असते. दोन्ही काठांना ऊस, मधूनमधून कांदा, आणि काठावर विजेच्या मोटारींची रांग. बंधाऱ्यामागे पाणी हिरवं आणि गप्प. इथल्या शेतकऱ्यांनी या पाण्याच्या जोरावर काय उभं केलं आहे ते पाहिलं की बोलायला जागा राहत नाही. माझ्या आठवणीतली कोरडी माळरानं आता ओळखू येत नाहीत.

बांधावर एकाने हटकलं. "काय पावणं, बिबट्या मोजायला आला का?"

"मासे."

"मासं? आवो, ह्या उसात बिबट्या लई, त्यो मोजा राव. मासा कुनाला चावत न्हाई!"

हे गृहस्थ आम्हाला जेवायलाच घेऊन गेले. त्यांची सून हसत हसत ताट घेऊन आली: मासवडी आणि तिखटजाळ रस्सा. ज्यांनी ती खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगतो, मासवडीत मासा नसतो. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसूण यांचं सारण भरून माशाच्या आकाराची वळकटी करतात आणि तिच्या वड्या कापतात. पुण्यात हॉटेलात मिळते ती आणि ही, यांचं नातं फक्त नावापुरतं. मी रस्सा तिसऱ्यांदा मागितला आणि नंतर जीपमध्ये मृणालकडून पित्ताची गोळी घेतली.

बंधाऱ्यात टाकलेल्या जाळ्यात तिला एकही कोळस सापडला नाही. तिने तसं नोंदवलं आणि जीप पश्चिमेला वळवली.

वाडी

घोडेगाव सोडलं की डोंगर दोन्हीकडून जवळ येतात. डिंभ्याच्या धरणाचं पाणी मैलोन् मैल सोबत करतं, मग तेही संपतं आणि खरी नदी सुरू होते, दगडांवरून बोलत जाणारी. भाताची खाचरं कापून मोकळी झाली होती. अंगणाअंगणांत पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या. त्यांची टोकं इतकी रेखीव की पावसाचं पाणी आत शिरायला धजणार नाही.

दशरथ रस्त्यावर येऊन थांबला होता. डोक्यावर टोपी, मिशा पांढऱ्या. काही वर्षं चाकणला कारखान्यात काढून तो शेतीकडे परत आला आहे. प्रवासभर मी त्याच्याशी काय बोलायचं ते घोकत होतो. जीपमधून उतरलो तर तोच म्हणाला,

"सर, आता उभा राहू का बसू?"

तो मोठ्याने हसला, माझी पिशवी घेतली आणि म्हणाला, "चला, च्या टाकलाय. गुडघं दुखत असतील."

चहा त्याच्या चुलतीकडे होता. ठकूबाई माझ्याच वयाच्या, पण पाठ माझ्यापेक्षा ताठ. चुलीच्या उजेडात त्यांच्या मागे धान्याची कणगी उभी होती, कारवीच्या काटक्यांची विणलेली आणि शेणमातीने लिंपलेली. लिंपणात ठिकठिकाणी काहीतरी चमकत होतं. मी पूर्वी एकदा, फक्त एका दुपारपुरता, या वाडीत आलो होतो. तेव्हाही हे चमकताना पाहिलं होतं आणि बायकांनी शोभेला अभ्रक लावलं असेल असं समजलो होतो.

मृणाल जवळ गेली. "सर, हे खवले आहेत."

एकेक खवला रुपयाच्या नाण्याहून मोठा होता.

"कशाचे हो हे, आजी?"

"कोळसाचं. वाट्याच्या माशाचं."

मग ठकूबाईंनी जे सांगितलं ते माझ्या लेखात असायला हवं होतं. हातभर किंवा त्याहून मोठा मासा जाळ्यात आला तर तो विकत नाहीत. त्याचे वाडीतल्या घरांइतके वाटे करतात. ज्या घरात धडधाकट माणूस नाही, ज्या घरचं माणूस नदीवर आलेलंच नाही, त्यालाही सारखाच वाटा. माशाचा एक खवला ओल्या लिंपणात बसवतात, मासा भरला तशी कणगी भरावी म्हणून. बाजारात जातात ते हातभराच्या आतले बारके.

"पण मोठ्याला जास्त भाव आला असता," मी म्हणालो.

"आवं मास्तर, त्यो एका घराचा नसतोय. इकला म्हंजी दुसऱ्याचा वाटा इकला."

मृणालला एक खवला सोडवून हवा होता. ठकूबाईंनी साफ नकार दिला. कणगीत भात होता आणि भात असताना लिंपणाला हात लावत नाहीत. मग तिने मोबाइलला भिंग लावून तिथेच फोटो काढले, आणि आम्ही दोघं चुलीपुढे बसून पडद्यावर कडी मोजू लागलो. आधीची कडी एकमेकांपासून दूर, कारण पहिल्या वर्षांत मासा झपाट्याने वाढतो. पुढे ती जवळजवळ येत गेली. दहाच्या पुढे गेल्यावर मृणालने माझ्याकडे पाहिलं. मी मोजतच राहिलो. एवढ्या कड्यांचा कोळस मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि तो माझ्या समोर त्या कणगीच्या भिंतीत होता, मी पहिल्यांदा इथे चहा प्यालो तेव्हाही.

"काय दिसतंय एवढं?" ठकूबाईंनी विचारलं.

"आजी, हा मासा चांगलाच म्हातारा होता."

"मंग? लई वेळ शिजला व्हता त्यो!"

डोह

दुसऱ्या दिवशी सकाळी डोहावर गेलो. काळ्या कातळात नदीने घातलेलं खोल वळण, वर जांभळीची सावली. एवढं स्वच्छ पाणी मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं. तळातले गोटे मोजता येत होते, आणि पुढे एकदम निळं-काळं होऊन तळ दिसेनासा होत होता. ठेकेदाराने आपल्या काळात यात बाहेरचं बीज सोडलं होतं. ते पहिल्याच मोठ्या पुरात वाहून गेलं, असं दशरथ म्हणाला. त्याच्या स्वरात मला थोडं समाधान ऐकू आलं.

जाळं तोच टाकत होता. अंग वळवून, जाळं पंख्यासारखं उघडून तो ते पाण्यावर असं ठेवायचा की आवाज जेमतेम व्हायचा. मी काठावर कातळावर बसलो होतो. उठताना घसरून एक पाय पाण्यात गेला तो गेलाच. बूट वाळत घालून उरलेली सकाळ अनवाणी काढली.

बोटभर कोळस आले, वीतभर आले, त्याच्यावरचेही आले. मृणाल मोजायची, एकेक खवला घ्यायची आणि सोडायची. ज्या वस्तीत पोरं, तरणी आणि पिकली अशी सगळी माणसं असतात ती वस्ती चालू राहते. नदीचंही तसंच. त्या सकाळी आम्हाला लहान आणि मधले मासे भरपूर मिळाले. म्हातारा मात्र अजून कणगीच्या भिंतीतच होता. तो पाण्यात आहे हे दिसल्याशिवाय वाडीच्या अर्जाला काही वजन येणार नव्हतं.

उन्हं वर आली तेव्हा जाळं जड झालं. दशरथ काही बोलला नाही, फक्त सावकाश ओढू लागला. वर आला तो कोळस माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकाच्याही पुढे जात होता. रुंद पाठ, खवल्यांना जुन्या चांदीच्या भांड्यासारखी झाक. मला डोळे पुसावे लागले.

मृणालने मोजलं, खवला घेतला आणि म्हणाली, "आता सोडू या."

"सोडायचा?" दशरथने असं विचारलं जणू तिने जीप नदीत सोडायला सांगितली होती. "ताई, वाट्याचा मासा हाय ह्यो. मी घरी जाऊन काय सांगू?"

तिने माझ्याकडे पाहिलं. डोह त्यांचा होता आणि रीतही.

दुपारी अंगणात सागाची पानं मांडली गेली. तुकडे सगळ्या पानांवर सारखे पडले, मग पुन्हा सारखे केले गेले. एक म्हातारबाबा पानांकडे पाठ करून बसले. दशरथ एका पानावर बोट ठेवायचा आणि विचारायचा, "ह्यो कुणाचा?" म्हातारबाबा न पाहता घराचं नाव घ्यायचे. असं सगळ्या घरांचं झालं, पुण्याला गेलेल्यांच्या दोन बंद घरांचंही. ते वाटे शेजाऱ्यांनी उचलले. आमच्याकडे सोसायटीत दिवाळीचा फराळ वाटतानाही कुणाच्या डब्यात काय गेलं यावर डोळा असतो. इथे डोळाच पाठीमागे. माशाचं डोकं जाळं टाकणाऱ्याचं. दशरथने नंतर ते खाऊन झाल्यावर माशाच्या कानातला खडा शोधून मृणालला दिला, कारण त्यावरही वयाची कडी असतात.

"ह्यो कुणाचा?" शेवटचं पान उरलं होतं.

"मास्तरचा," म्हातारबाबा म्हणाले.

चिंच घातलेलं कालवण आणि नव्या तांदळाची भाकरी. मी नीट, सावकाश जेवलो.

शाळेची ओसरी

पुढच्या सकाळी शाळेच्या ओसरीवर वाडी जमली. मृणालच्या अहवालाला मी माझ्या सहीची दुरुस्ती जोडणार होतो आणि ती आधी यांच्यासमोर वाचायची होती. पहाटे उठून लिहिली होती. आधी माझ्या चुकीबद्दल लिहिलं: मी फक्त बाजारातले मासे मोजले, वाडीत कुणाला विचारलं नाही, चूक सांगणाऱ्याला गप्प केलं. तेवढं वाचलं. दशरथ जमिनीकडे पाहत होता.

पुढचं वाचलं: "या वाडीचे लोक पिढ्यान्पिढ्या डोहातल्या मोठ्या माशांचं श्रद्धेने रक्षण करत आले आहेत. ते त्यांना हातही लावत नाहीत..."

"थांबा वो मास्तर," ठकूबाई म्हणाल्या. "काल खाल्लेल्याचा काटा अजून दातात हाय माझ्या."

ओसरी हसली. मी हसू शकलो नाही.

"काकू, बरं लिवत्यात तर लिवू दे की," दशरथ म्हणाला. "खातो म्हनलं तर सायब म्हनंल, ह्यांनीच संपवलं. ठेका परत जाईल दुसऱ्याला."

"जाऊ दे गेला तर. आन् उद्या सायब जेवायला आला, चुलीवर कोळस बघितला, मंग काय सांगशील? मासवडी हाय म्हनून?" मग त्या माझ्याकडे वळल्या. त्यात राग नव्हता. "मास्तर, तवा आमाला चोर केलं. आता देव करता व्हय? मानूस म्हनून लिवा की."

म्हातारपणी माणसाला वाटतं की अपराधाची टोचणी आपल्याला खरं बोलायला लावते. माझ्याबाबतीत तिने दुसरं खोटं लिहायला लावलं होतं, पहिल्यापेक्षा गोड. आदल्या दिवशी त्या पानावरचा वाटा मी स्वतः खाल्ला होता आणि पहाटे उठून तो कुणी खाल्लाच नाही असं लिहिलं होतं.

"बघा हं," मी सगळ्यांना म्हणालो. "हे लिहिलं तर अर्ज अडकू शकतो."

दशरथने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "लिवा," तो म्हणाला. "काकू म्हनती तसं लिवा."

मी तो परिच्छेद खोडला आणि मांडीवर कागद धरून नवा लिहिला. वाचून दाखवला: "या डोहात म्हातारे कोळस आहेत. वाडीचे लोक ते धरतात आणि खातात. एकटं कुणी खात नाही आणि कुणी विकत नाही. म्हणून ते बाजारात दिसत नाहीत."

"हां," ठकूबाई म्हणाल्या. "आता घाला सही."

अहवाल गेला. निर्णय अजून आलेला नाही. परवा दशरथचा फोन आला होता. ठेका देणाऱ्या कार्यालयातल्या साहेबांनी कागद वाचून त्याला बोलावून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही मोठे मासे खाता म्हणता. मग इतकी वर्षं खाऊनही ते उरतात कसे?"

मी खुर्चीत सरळ बसलो. त्या डोहाबद्दल हाच प्रश्न पहिल्यांदा मी विचारायला हवा होता.

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगनार सर? म्हनलं, मला न्हाई म्हाईत. या बघायला."